नवशिक्याचं फ्लाय किट होडीमागे ओढून पाहिलं

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांचा वेळ वाचेल. ऑनलाइन नऊ हजारांच्या आसपास मिळणारं नवशिक्यांचं फ्लाय कॉम्बो किट, म्हणजे पिसांच्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे धरायची काठी, रीळ आणि दोर, मी मुद्दाम तळ्यावर ट्रोलिंग करायला, म्हणजे चालत्या होडीमागे फ्लाय ओढायला, घेतलं. काठी पैसे वसूल करते. रीळ उघडून नीट करून घेतलं तर चालतं. सोबत आलेला दोर या कामाचा नाही. डबीतल्या फ्लायपैकी निम्म्या टाकाऊ. वरून साडेतीन हजारांचा बुडणारा दोर वेगळा घेतला, तेव्हा कुठे किटचं चीज झालं. त्यामुळे घेणाऱ्याने बजेट साडेबारा-तेरा हजारांचं धरावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच माल तीन-चार नावांनी विकायला आहे. फोटो तोच, जांभळी पिशवी तीच, काठीवरचं स्टिकर तेवढं वेगळं. एकाला झोडपायचं आणि त्याच मालाच्या दुसऱ्या विक्रेत्याला सोडायचं, यात काही अर्थ नाही.

माझं नाशिकच्या अंबडला टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. हातात गोल वस्तू आली की आधी उघडून बघायची ही धंद्याची खोड. म्हणून खाली रिळाला जरा जास्त जागा मिळाली आहे, सांभाळून घ्या. गळ मात्र लहानपणापासून टाकतोय. दारणेच्या काठाला बसून गांडुळावर मरळ आणि कणकेच्या गोळीवर चिलापी, हे आमचं शिक्षण. फ्लायचं वेड अलीकडचं.

फ्लाय म्हटलं की डोक्यावरून दोर फिरवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मग ती होडीमागे ओढायची कशाला? तर ते फिरवणं अंगात मुरायला वेळ लागतो म्हणून. आपल्या नेहमीच्या काठीला शिसं असतं. ते फेकलं की तंगूस त्याच्या मागे जातो. फ्लायला वजनच नाही, नुसती पिसं आणि दोरा. तिथे फेकायचा असतो तो जाड दोर, आणि फ्लाय त्याच्या टोकाला फरफटत जाते. दोर मागे पूर्ण सरळ होऊ द्यायचा, मगच पुढे आणायचा. धरणावर दुपारचा वारा सुटला की नवशिक्याची फ्लाय पाण्याआधी त्याच्याच टोपीत रुतते. ट्रोलिंगमध्ये ही सगळी भानगड नाही. होडी हळू चालू ठेवायची, दोर हाताने मागे सोडत जायचा, काठी खाली धरायची आणि वल्हवत राहायचं. कास्टिंगचा क न येणाऱ्याचीही फ्लाय सकाळभर पाण्यात राहते. मासा पाण्यात असलेल्या फ्लायलाच लागतो, झाडात अडकलेल्या नाही.

अमेरिका-कॅनडातल्या ट्राउट माशाच्या तळ्यांवर हा प्रकार जुना आहे. तिकडच्या मेन राज्यात तर त्याची परंपराच आहे. ग्रे घोस्ट नावाची प्रसिद्ध लांबट फ्लाय तिथल्याच कॅरी स्टीव्हन्स या बाईंची. स्मेल्ट नावाच्या बारीक माशासारखी ती पाण्यात दिसते, आणि आजही होडीमागे ओढली जाते. या बाईंनी 1924 साली स्वतः बांधलेल्या फ्लायवर 6 पौंड 13 औंसांचा ब्रूक ट्राउट काढला आणि त्यांचं नाव झालं. तरी सोवळ्यातले फ्लायवाले ट्रोलिंगला नाक मुरडतात. मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या आयजीएफए या संस्थेच्या फ्लायच्या नियमांतही बोटीचं इंजिन गिअरमध्ये ठेवून फ्लाय ओढलेली चालत नाही. आपल्याला विक्रम करायचा नाही. आपल्याला शनिवारी, वर्कशॉप बंद असताना, एक मासा हवाय.

आता किट.

काठी नऊ फुटी, चार तुकड्यांची, आठ नंबरची. पाच-सहा नंबरची स्वस्त किटं जास्त दिसतात, पण ती ट्राउटच्या मापाची. बुडणारा दोर ओढून धरायला आणि मरळ गवतात शिरायच्या आत तिला बाहेर काढायला कण्यात थोडी ताकद लागते, म्हणून आठ. चारही जोड घट्ट बसतात, फिरवून पाहिले तर कुरकुर नाही. जोडांवर रेषेत आणायचे पांढरे ठिपके आहेत ते खरंच रेषेत आहेत, हे स्वस्त मालात गृहीत धरता येत नाही. मुठीच्या बुचात लांबी भरलेली दिसते, दिसू दे. रिळाची बैठक आवळली की हलत नाही. ट्रोलिंगमध्ये काठीला काम कमी असतं. दिवसभर वाकून राहायचं आणि झटका बसला की तो पचवायचा. ते ती करते. काठीबद्दल यापुढे काही लिहायचं नाही, एवढी ती ठीक आहे.

रीळ. जाहिरातीत 'सीएनसी मशिन्ड', म्हणजे अखंड धातूतून संगणकी मशिनवर कापून काढलेलं, असं लिहिलंय. हे वाचून मला हसू आलं. बॉडी डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली आहे, आतल्या बाजूला मोल्डची पार्टिंग लाईन बोटाला लागते. वरून एक कट मारून चकाकी आणली, एवढ्यालाच ते मशिनिंग म्हणतात. डाय-कास्ट असणं हा गुन्हा नाही, खोटं लिहिणं खटकतं. स्पूल, म्हणजे दोर गुंडाळायची फिरकी, डायल गेजखाली फिरवून बघितला तर कड पाव मिलिमीटरच्या वर डुलत होती. वापरणाऱ्याला हे दिसत नाही, पण फ्रेम आणि स्पूल यांच्यातली फट एका बाजूला एवढी उघडते की बारीक लीडर (दोर आणि फ्लाय यांना जोडणारा तंगूस) त्यात शिरून अडकतो. दोर सोडताना एका हाताने स्पूलच्या कडेवर बोट ठेवलंत तर हे टळतं.

ड्रॅगचं, म्हणजे स्पूलला लागणाऱ्या ब्रेकचं, मात्र नीट समजून घ्या, कारण ट्रोलिंगमध्ये रिळाचा खरा उपयोग तोच. होडी चालू असताना पाणी दोराला मागे ओढत असतं. ड्रॅग इतपत आवळायचा की त्या ओढीने दोर सुटू नये, आणि इतपत सैल की मासा अंगावर आला तर लगेच सुटावा. या दोन्हींच्या मधली जागा फार मोठी नसते. या किटच्या रिळाचा ड्रॅग बसल्या जागी चिकटायचा: पहिल्या ओढीला हलायचा नाही, मग एकदम फुर्रकन सुटायचा. म्हणजे लीडर तुटायची तरी वेळ किंवा स्पूल जास्त फिरून दोराचा गुंता व्हायची तरी. मी तो उघडला. आतल्या चकत्यांवर ग्रीसचा एक गोळा एकीकडेच थापलेला आणि बाकी सगळं कोरडं. पुसून काढलं, सगळीकडे पातळ हात फिरवला, परत बसवलं. आता सुरुवातीची ओढ आणि नंतरची ओढ यात फरक जाणवत नाही. पायाचे दोन स्क्रू सैल होते. त्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू पक्के धरणारा डिंक, लावलं. वीस मिनिटांचं काम आहे. पण नऊ हजार देणाऱ्याने हे का करावं, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून रिळाला पाचपैकी अडीच.

किटमधला दोर पोपटी रंगाचा, तरंगणारा, खोक्यावर नंबर आठ. फ्लायच्या दोराचा नंबर मनाला येईल तसा देत नाहीत. पहिल्या तीस फुटांच्या वजनावर ठरतो. आठ नंबर म्हणजे 210 ग्रेन, आपल्या भाषेत 13.6 ग्रॅम. सात नंबर 185 ग्रेन, म्हणजे 12 ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमची सूट दोन्हीकडे असते. आमच्या गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर मी तीस फूट मोजून ठेवले. सोनं तोलणारा माणूस पोपटी वेटोळ्याकडे बघत राहिला, पण काटा खोटं बोलत नाही: बारा ग्रॅमच्या जेमतेम वर. आठच्या नावाखाली सात नंबरचा दोर. ट्रोलिंगमध्ये याने काही बिघडत नाही. उद्या हाच दोर घेऊन कास्टिंग शिकायला उभे राहिलात तर मात्र काठी नीट वाकणार नाही आणि तुम्हाला वाटेल आपलाच हात वाईट आहे.

त्याहून मोठी अडचण ही की तो तरंगतो. तरंगणाऱ्या दोरामागे फ्लाय पाण्याच्या वरच्या फूट-दीड फुटात धावते. पहाटे किंवा ढगाळ हवेत काठाच्या गवताजवळ ते चालून जाईल. ऊन चढलं की मासा खाली जातो, आणि तुमची फ्लाय वरच्या वर फिरत बसते. किट विकणाऱ्यांना हे माहीत असतं. तरंगणारा दोर शिकायला सोपा आणि बनवायला स्वस्त, म्हणून तोच देतात.

वेगळा घेतलेला दोर पूर्ण बुडणारा, टाइप थ्री. तो सेकंदाला साधारण अडीच ते साडेतीन इंच बुडतो असं मानतात. मानतात म्हटल्यावर मोजलं पाहिजे. दिंडोरीकडे माझ्या साडूंचं शेततळं आहे, द्राक्षांच्या बागेशेजारी, चार मीटर खोल. ऑक्टोबर छाटणीची धावपळ सरली होती तेव्हा गेलो. साडूंनी बांधावरूनच दम भरला, "साडूभाऊ, गळ बांधून दोर टाकलात तर मी तुम्हालाच टाकीन. कागद फाटला तर सगळं पाणी जाईल." त्यांचं बरोबर होतं. शेततळ्याचा कागद म्हणजे लाखांचा मामला. मी फ्लायऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधला, काठाच्या आधाराने दोर मोकळा सोडला आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. चार मीटर म्हणजे 157 इंच. तळ गाठायला पन्नास-बावन्न सेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाला तीन इंच. खोक्यावर लिहिलेलं खरं निघालं, असा हा या सगळ्या खरेदीतला पहिला प्रसंग. साडूंना विचाराल तर त्यांच्या मते एवढ्या वेळात दोन ओळी विरळणी झाली असती.

हा आकडा हाताशी असला की होडीवर अंदाज बांधता येतो. दोर होडीमागे तिरका खाली उतरत जातो, आणि होडी जेवढी जोरात तेवढा तो वर उचलला जातो. ढोबळ हिशोब असा: दोर बुडायचा वेग भागिले होडीचा वेग, गुणिले मागे सोडलेला दोर. ताशी दोन किलोमीटरने वल्हवलं आणि पंचवीस मीटर दोर मागे असला तर फ्लाय साडेतीन मीटरच्या आसपास जाते. तीन किलोमीटरचा वेग केला की सव्वादोन-अडीच मीटरवर येते. खाली जायचं असेल तर दोर बदलायच्या आधी वल्ही आवरा. नवशिक्या इथेच फसतो, कारण माणूस होडीत बसला की त्याला कुठेतरी पोहोचायची घाई असते. ताशी दोन किलोमीटर म्हणजे रमतगमत चालण्याहूनही हळू.

लीडर आखूड हवा, चार-पाच फूट. किटमध्ये नऊ फुटी निमुळता लीडर येतो, तो तरंगत्या दोरासाठी ठीक. बुडत्या दोराला एवढा लांब बांधला तर दोर खाली आणि फ्लाय वर, असा उलटा कारभार होतो. मी दुकानातून साधा वीस पौंडी तंगूस आणून तेवढाच बांधतो. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीचा आणि माशाचा झटका एकदम बसतो, त्यामुळे बारीक दोऱ्याचे लाड इथे करायचे नाहीत. मरळीला दातही असतात.

फ्लायच्या डबीत वीस-बावीस नग. त्यात बारीक कोरड्या फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, बऱ्याच. त्या ओढायच्या नसतात. ओढल्या तर गिरक्या घेऊन लीडरला पीळ घालतात. कामाच्या त्या वूली बगर: पिसांची मऊ शेपटी, अंगाला शेनीलचा गुबगुबीत केसाळ दोरा, त्यावर कोंबड्याच्या पिसाची वेटोळी. 1967 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी ही बांधली, आणि आजतागायत कुठल्याच एका जिवासारखी न दिसता सगळ्यांसारखी दिसते: बारीक मासा, जळू, चतुराची अळी, बेडकाचं पिल्लू. मराबूची शेपटी अगदी हळू ओढलं तरी हलत राहते, आणि हळू ओढणं हेच तर आपलं काम. नाव मराबू करकोच्याचं, पिसं आता टर्कीची असतात.

डबीतल्या बगर अंगठ्याच्या नखावर घासून बघितल्या. चांगला गळ नखावर टेकवला की रुततो, घसरत नाही. यातल्या निम्म्या घसरल्या. दोघींच्या डोक्याजवळचा दोरा वार्निश न लावल्यामुळे सुटायला आलेला. त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब, पारदर्शक मिळाली नाही म्हणून मरून. त्या बगरना मासा लागला यात मरून रंगाचा वाटा किती, हा घरात अजून वादाचा विषय आहे. तुम्ही सहा आणि आठ नंबरच्या गळावरच्या काळ्या आणि शेवाळी बगर सुट्या घ्या, डोक्यात पितळी मणी असलेल्या. बाकी डबी मुलांना खेळायला देऊ नका, गळ आहेत ते. आकडीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा सोडायलाही सोपं आणि स्वतःच्या कानातून काढायलाही.

खरी परीक्षा वैतरणेवर. घोटीहून आत वळलं की थोड्या वेळात जलाशयाचा पसारा दिसायला लागतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तळ्यांपैकी हे एक, पण तालुका इगतपुरी आणि जिल्हा आपला. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल त्यांच्याशी आधी बोलायचं, ही रीत कुठल्याही धरणावर पाळा. परस्पर होडी घालणाऱ्यांमुळेच बाकीच्यांना दारं बंद होतात. आणि निफाडकडच्या नांदूर मध्यमेश्वरचा विचारही करू नका. ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीत आहे, तिथे दुर्बीण न्यायची.

होडीवाले मामा तिथलेच. जाळी टाकण्यात आयुष्य गेलेलं. माझी काठी बघून काही बोलले नाहीत, डबी उघडल्यावर मात्र एक बगर हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ह्याला वास कसला हाये?" म्हटलं, कसलाच नाही. "मंग मासा खाईल कशापायी?" यावर माझ्याकडे जे उत्तर होतं ते मी दिलं नाही, फक्त म्हटलं, मामा, होडी हळू घ्या. ते हळू झाले. मी म्हटलं, अजून हळू. "सायेब, लगीन झाल्यावर मंडळीला पहिल्यांदा होडीत बसवली व्हती, तवा बी यवढी हळू नव्हती हाणली."

पण एकदा त्यांना लय सापडल्यावर त्यांच्यापुढे पुस्तकं फिकी पडली. होडी सरळ रेषेत न नेता नागमोडी न्यायची असते, आणि त्याचं कारण साधं आहे. होडी वळली की आतल्या बाजूची फ्लाय मंदावते आणि खाली बसते. बाहेरच्या बाजूची वेग घेऊन वर उठते. घाबरलेला बारीक मासा असाच वर-खाली करतो. शिवाय मासा कुठल्या वळणावर लागला ते लक्षात ठेवलं तर आज त्याला हळू हवंय की जोरात, ते कळतं. मी हे समजावून सांगायच्या आत मामा एका वल्ह्यावर जोर देऊन बोलले, "वळताना खाली जातंय तुमचं, न्हाई का?" दोर किती तिरका झालाय ते बघूनच त्यांनी ओळखलं.

काठी मी बाजूला काढून धरतो, टोक पाण्यापासून हातभर वर, दोराशी कोन करून. काठी थेट दोराच्या रेषेत धरली तर झटका थेट लीडरवर जातो, काठीच्या वाकण्याचा फायदाच मिळत नाही. आणि काठी हातातून सोडायची नाही. होडीच्या काठावर टेकवून चहा ओतायला गेलात तर काठी, रीळ, दोर, सगळं पाण्यात जायला एक झटका पुरतो. रिळाची टिकटिक, म्हणजे दोर सुटताना वाजणारा आवाज, चालू ठेवा. या किटमधली टिकटिक मोठी आणि कर्कश आहे, घरात वैताग, होडीवर वरदान.

मरळ लागली ती पाण्याबाहेर डोकावणाऱ्या वाळक्या झुडपांच्या कडेला, आतल्या वळणावरून होडी सरळ होत असताना. म्हणजे फ्लाय खाली बसलेली पुन्हा उचलली गेली त्या क्षणी. आधी जड ओझं लागल्यासारखं वाटलं. असं झालं की काठी वर झटकायची नाही, हे आपल्या हाताला शिकवावं लागतं. काठी आहे तिथेच ठेवून दोर डाव्या हाताने मागे खेचायचा आणि होडी अजून दोन वल्ही पुढे जाऊ द्यायची; गळ पक्का बसतो. मामांनी न सांगता दोन वल्ही मारली. नंतर टिकटिक सुरू झाली, ड्रॅगने दोर एकसारखा सोडला, आणि ग्रीसचा तो गोळा पुसल्याचं सार्थक झालं. किलोच्या आत-बाहेरची मरळ. मामांनी तिला जाळीत घेतल्यावर जबड्यातली काळी बगर बोटाने हलवून बघितली आणि विचारलं, "ह्ये कितीला पडतंय?"

बाकी काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे माहीत असलं तर निराशा होत नाही. आपल्या धरणांत बीज सोडतात ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचं. कटला वरच्या थरात बारीक प्लवंग गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ उकरतो. पळणाऱ्या माशामागे धावणं यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कणीक आणि धीर हेच खरं. फ्लायमागे येतील ते शिकारी: मरळ, नशीब असेल तर शिंगाळा. चिलापीही कधीकधी चिडून चावते. 1952 मध्ये आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया देशात आणली तीच आपली चिलापी. आता कुठल्या तळ्यात नाही ते सांगणं अवघड. वैतरणेत ट्राउट शोधू नका. त्याला थंड पाणी लागतं. आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत. पुस्तकांमधला ट्रोलिंगचा सल्ला ट्राउटसाठी लिहिलेला असतो. त्यातला हळू ओढणं आणि वळणं घेणं हा भाग जसाच्या तसा लागू पडतो. नाजूक लीडरचा भाग सोडून द्या, आणि खोल पाण्यात मधोमध फिरायचा सल्लाही. मरळ काठ धरून राहते. तिथे गवताच्या कडेला समांतर ओढायचं.

पावसाळ्यात हा खेळ करायचा नाही. पाणी लाल असतं, फ्लाय दिसत नाही, आणि माशांचा अंडी घालायचा काळ असतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की सुरू करा. सकाळी लवकर पाण्यात उतरा, वारा उठायच्या आत काठाला लागा. लाइफ जॅकेट किटमध्ये येत नाही म्हणून ते सुटं घ्या. पोहता येतं म्हणून नको असं म्हणणारे मी बघितलेत. बुटात, स्वेटरमध्ये आणि पंचवीस मीटर दोराच्या गुंत्यात किती पोहता येतं ते त्यांनी शेततळ्यात नव्हे, काठाजवळच्या गुडघाभर पाण्यात करून बघावं.

विक्रेत्याला मी दोराच्या वजनाबद्दल लिहिलं, सराफाच्या काट्याचा फोटो जोडून. उत्तर आलं की 'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार', आणि सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. परत पाठवायची मुदत होती, पण काठीसाठी किट ठेवून घेतलं. कूपन वापरून त्यांचाच इंटरमीडिएट दोर मागवणार होतो, सेकंदाला दीड-दोन इंच बुडणारा, उथळ काठासाठी. तो महिनाभर 'लवकरच उपलब्ध' दाखवतोय. मामांना दोन काळ्या बगर दिल्यात. त्यांनी त्या तंगूसाच्या रिळाला बांधल्या आहेत आणि काठीशिवायच ओढतात.